मातीचं भात

"खांड गेलीऽऽ! खांड गेली रंऽऽ! निघा सगलीऽऽ!"

झुंजुमुंजू झालं होतं. मी चुलीत फुंकर घालत होते आणि गल्लीच्या टोकाकडून धर्मा ठाकुराचा आवाज आला, पाठोपाठ पत्र्याच्या डब्यावर काठी बडवल्याचा. खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. आमच्या गावात, खारघेऱ्यात, कुणी मेल्याची बातमी उशिरा आली तर चालते, खांडीची चालत नाही. बांधाच्या अलीकडे आमची भातं, पलीकडे समुद्राचं पाणी, आणि मधे काय, तर वाडवडलांनी हातांनी रचलेला चिखल. त्या चिखलाला भोक पडलं की दर भरतीला खारं पाणी आत शिरतं. ते मुरलं की त्या शेतात भात विसरायचं, नुसतं मीठ चाटायचं.

"पांडू म्हात्रेऽ, निघा! कान्हा, तुमीपन! फशीबाय, ऊठऽ!"

पुकारणाऱ्याने प्रत्येक घरापुढे थांबायचं, डबा वाजवायचा आणि घरधन्याचं नाव घ्यायचं, अशी रीत. नाव घेतलं की त्या घरातली सगळी धडधाकट माणसं बांधावर. माझे सासरे राघोबाबा अंथरुणातून कधी उठले ते मला कळलंही नाही. कमरेला रुमाल कसून ते कवाडाशी जाऊन उभे राहिले होते. जन्मभर ते खांडीत मधोमध उभे राहिलेले. पाण्याचा जोर छातीवर घेणारा माणूस लागतो, त्याच्या आधाराने बाकीचे चिखल रचतात. गावात असे दोघे-तिघेच, आणि त्यांत बाबांचं नाव पहिलं.

शेजारच्या दाराशी डबा वाजला. मग आमच्या अंगणापुढून पावलं गेली. डबा वाजला नाही. तो वाजला पलीकडच्या घरापुढे.

बाबा तसेच उभे. मागे न वळता त्यांनी विचारलं, "जगन्या, धर्मा इसरला का रं?"

माझा नवरा जगन चहाच्या टोपात काहीतरी शोधत असल्यासारखा बघत राहिला. मी चुलीत लाकूड सारलं. धर्मा विसरला नव्हता. बांधाची देखभाल करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला आमच्याकडे जोळ म्हणतात, आणि जोळाचा कायदा साधा होता: बांधालगतची जमीन ज्याने बाहेरच्याला दिली, त्याला खांडीची हाक नाही. आम्ही दिली होती. खरं बोलायचं तर मी द्यायला लावली होती.

माझं माहेर पनवेलकडचं. तिकडची शेतं मी परकरात असतानाच शहराच्या पोटात गेली. भावांचे बंगले झाले, दारात गाड्या आल्या, आणि चिखल म्हणजे पावसाळ्यात पायपुसण्याला लागतो तो, एवढीच आम्हाला त्याची ओळख. लग्न होऊन या गावात आले आणि पहिल्याच वैशाखात सासूने डोक्यावर चिखलाचं घमेलं दिलं. बांध लिंपायचा असतो म्हणे, दर वर्षी, आपल्या शेतापुढचा आपण. मी तेव्हाच मनात म्हटलं, हे काही आपल्याला जमायचं नाही बाई.

सासू गेली आणि घरात माझं चालू लागलं. त्यात मुंबईच्या कुठल्याशा पार्टीचा एजंट गावात फिरू लागला. बांधाकडच्या आमच्या तुकड्यांवर त्याचा डोळा होता. मी वर्षभर जगनच्या आणि बाबांच्या कानाशी भुणभुण लावली. जेवायला वाढताना, भांडी घासताना, देवापुढे दिवा लावताना. अखेर बाबांनी विसार घेतला, तो पैशासाठी नव्हे, माझ्या तोंडाला कंटाळून. घराखालचं मोठं शेत मात्र त्यांनी हातचं सोडलं नाही.

मग वैशाखात बांध लिंपायचा दिवस आला, नेमका माझ्या धाकट्या भावाच्या हळदीचा. आता आगऱ्यांची हळद म्हणजे काय ते आगऱ्यालाच विचारावं. लग्नाला नाही गेलात तर लोक विसरतील, हळदीला नाही गेलात तर नातवंडांपर्यंत ऐकवतील. बाबा म्हणाले, "तुमी जा, मी बांधावर जाताव." मी म्हटलं, "कंपनीची जमीन झाली आता. जिची जमीन तिचा बांध. तुमी कशाला फुकटची हाडं झिजवताव?" आणि हाताला धरून त्यांना गाडीत बसवलं.

निघताना फशीकाकी दारात आली होती. फशीबाय आमच्या भावकीतली, नवरा कधीच गेलेला, पोटी मूलबाळ नाही. आमच्या तुकड्यांच्या पाठीला तिचं एकच शेत. तेच तिचं पीक, तेच तिचं पेन्शन. ती म्हणाली, "सुगंधे, तुमच्या बांधान खेकड्यांनी लय बिलं पाडल्यान. यवडी लिंपून तरी जा गो."

मी नव्या साडीच्या निऱ्या सावरत म्हटलं, "काकी, आता माला नको सांगू. कंपनीला सांग."

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

तर त्या श्रावणातल्या अमावस्येच्या पहाटे हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि अजून कुणी मला सांगितलंही नव्हतं की खांड कुठे गेली ते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी चहा उतरवला, पण कुणी प्यायला नाही. बाबा अंगणात उतरले आणि चालू लागले.

"बाबा, हाक नाय आयली," जगन मागून म्हणाला.

"माला ऐकू आयली," बाबा म्हणाले.

आम्ही दोघे त्यांच्या मागे निघालो.

खांड आमच्याच बांधाला होती. रात्रीच्या उधाणाने खेकड्यांच्या बिळांतून वाट काढली होती आणि एक मोठा घासच घेतला होता. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा. सकाळची ओहोटी लागली होती, त्यामुळे आत शिरलेलं पाणी आता उलटं खाडीकडे धो-धो निघालं होतं आणि जाताना बांधाचे तुकडे घेऊन जात होतं. आमचे विकलेले तुकडे पाण्याखाली होते. त्यांच्या पाठीला फशीकाकीचं शेत. पोटरीवर आलेलं, कणसं फुटायच्या बेतातलं भात आडवं पडलं होतं आणि त्यावर खाजणाचा, बांधाबाहेरच्या दलदलीचा, करडा गाळ बसला होता.

दुपारच्या भरतीच्या आत खांड बुजवायची होती. बुजली नाही तर दुपारचं पाणी मागच्या शेतांत, रात्रीचं त्याहून मागच्या शेतांत, आणि अमावस्येचं उधाण दोन-तीन दिवस जोर धरून राहतं. म्हणजे सगळं गाव गेलं.

गाव तिथे जमलंच होतं. बाहेरच्या खाजणात कुदळीने चिखल कापायचा, त्याचे गोळे हातोहात रांगेतून खांडीपर्यंत द्यायचे, आणि खांडीत उभे असलेल्यांनी ते रचायचे. आम्ही आलो तशी सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. आता बोलतील, मला वाटलं. मी मनाची तयारी केली. धर्मा तोंडाळ माणूस, पांडूची बायको तर भांडायला कारणही न लागणारी. आणि मीही काही कमी नव्हते, एका शिवीला दोन परत करणारी. पण त्या दिवशी मला परत करायची नव्हती. पडतील तेवढ्या घ्यायच्या होत्या.

कुणी बोललं नाही.

बाबा सरळ पाण्यात उतरले आणि खांडीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तिथे कान्हा उभा होता. तो क्षणभर धर्माकडे बघत राहिला आणि मग एक पाऊल सरकला. जगन कुदळ घेऊन खाजणात गेला. मी रांगेत शिरायला जागा शोधू लागले. रांग कुणी मोडेना, कुणी हात धरून बोलावेना. शेवटी एका जागी थोडी फट दिसली, तिथे घुसले. घुसल्यावर बघते तर माझ्या डाव्या हाताला फशीकाकी.

तिने तिच्या हातातला गोळा माझ्या हातात दिला. मी पुढच्या बाईला दिला. तिने दुसरा दिला. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. चिखल गार होता आणि जड होता, आणि दर गोळ्यामागे तिची बोटं माझ्या बोटांना लागत होती. त्या बोटांकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण नजर तिथेच जायची.

"काकी," मी हळूच म्हटलं, "तुजं शेत..."

"हात चालव," ती म्हणाली. "तोंड मागनं."

ऊन वर आलं तेव्हा खांड निम्मी भरली होती. बाबांच्या छातीपर्यंतचं पाणी कमरेला आलं होतं. तेवढ्यात वरच्या रस्त्याला मोटारसायकल थांबली. एजंट. पांढरा शर्ट, काळा चष्मा, आणि चिखलाला घाबरून पाऊल टाकण्याची ती तऱ्हा. मला ती तऱ्हा चांगली ठाऊक होती, माझी स्वतःची होती ती.

तो बांधावरून चालत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अहो, कशाला एवढा जीव काढताय? आमची पार्टी सगळंच घ्यायला तयार आहे. खारं झालं तर खारं घेऊ. तुम्ही घरी जाऊन आराम करा."

धर्माने मान वर केली नाही. खाली बघूनच म्हणाला, "साहेब, पाठीमागं व्हा. तुमच्या वजनानं बांध बसंल."

दोन-चार जणी हसल्या. एजंटही हसला. त्याला अशा बोलण्याची सवय असावी. मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो रांगेजवळ आला. माझ्याकडे वाकून, ओळखीच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? बरंच झालं. लोक ऐकतच नव्हते. तुमच्यामुळे आमचं काम सोपं झालं."

माझ्या हातात गोळा होता. तो मी पुढे द्यायला विसरले. पुढच्या बाईचे हात तसेच ताटकळले. फशीकाकीने ते ऐकलं होतं. एवढ्या जवळ उभ्या असलेल्या माणसाला ऐकू न येऊन कसं चालेल? मला वाटलं, आता तरी ही मला एक ठेवून देईल. आता तरी म्हणेल, बघ सटवे, तुला शाबासकी मिळतेय.

ती म्हणाली, "गोला दे पुढं. वालतंय."

मी गोळा पुढे दिला. एजंट थोडा वेळ उभा राहून निघून गेला. त्याच्या तोंडावर चिखल मारावा असं तेव्हा वाटलं नाही. तो खोटं थोडंच बोलला होता?

नंतर खरा घोर सुरू झाला. भरती लागली. खाजणात कुदळ चालवणारे मागे सरकत सरकत बांधाला टेकले, आणि मग बाहेरचा चिखल पाण्याखाली गेला. खांड अजून पुरती भरली नव्हती. आतली शेतं रात्रभर पाण्यात राहून रबडी झालेली; ती माती हातात धरली तरी बोटांतून गळत होती. घट्ट माती हवी होती, तीही मुळं धरलेली. अशी माती म्हणजे पाणी न पोचलेलं उभं भाताचं शेत. भाताच्या मुळांसकट कापलेलं ढेकूळ बांधात बसलं की उखडत नाही.

आणि तसं शेत जवळपास एकच होतं. आमचं. घराखालचं, थोडं उंचवट्यावरचं. हिरवंगार, कमरेएवढं भात, आणि वर नुकता वारा सुटलेला.

सगळ्यांना ते दिसत होतं आणि कुणीही तिकडे बघत नव्हतं. जोळाचा दुसरा कायदा असा की खांडीसाठी कुणाच्याही शेतातली माती घेता येते, मात्र पहिली कुदळ धन्याने स्वतः मारायची. त्या शेताचा मग खड्डा होतो. तो भरेपर्यंत तिथे काही पिकत नाही. म्हणून गावातलं प्रत्येक घर दर वर्षी कापणीनंतर त्या धन्याला आपल्यातलं भात देतं. त्याला मातीचं भात म्हणतात. पण आम्ही जोळाबाहेर गेलो होतो. ज्याला हाक मारली नाही त्याच्याकडे माती कोणत्या तोंडाने मागायची?

बाबा खांडीतूनच बोलले. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"धर्मा, माज्या शेतान कुदल घाल."

"दादा," धर्मा म्हणाला, "तुमची जमीन जोलान नाय आता."

"इकली ती बांधाकडची. ती नाय इकली."

"सगलं शेत जाईल, दादा. भात पोटरीला हाय."

"माला दिसतंय रं. माजे डोले गेलं नाय अजून." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला हाक मारली. "सूनबाय! मी हितनं हाललो तं पानी घुसंल. जा, पयली कुदल तू मार."

मी रांगेतून बाहेर आले. कुणीतरी कुदळ दिली. शेताच्या कडेला गेले तर गाव माझ्या मागे येऊन उभं राहिलेलं. ती रोपं मीच लावली होती, कुरकुर करत, कंबर धरून, दर ओळीला माहेरचं नाव घेत. आता पात्यांवर हात फिरला आणि मला हुंदका आला. मी कुदळ उचलली आणि मारली. मुळं तुटल्याचा करकर आवाज आला. दुसरी मारली. मग लोकांनी मला बाजूला केलं आणि चारी बाजूंनी शेत कापायला घेतलं.

आणि खरं सांगते, त्या वेळी मला बरं वाटलं. शेत डोळ्यांदेखत उजाड होत होतं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. मनात म्हटलं, सुगंधे, फिटलं. तू गावाचं नासवलंस, गावाने तुझं घेतलं. आता कुणी तुझं काही देणं लागत नाही, तू कुणाचं काही देणं लागत नाहीस.

भरती बांधाला भिडली तेव्हा शेवटचं ढेकूळ बसलं होतं. आम्ही सगळे, बाया-पुरुष, आतल्या बाजूने बांधाला पाठ लावून बसलो, ओल्या मातीला आधार म्हणून. पाठीमागे पाणी चढत होतं. बांधाचा गारवा पाठीत शिरत होता आणि मधेच कुठेतरी माती किंचित हलल्यासारखी वाटायची, की सगळे आणखी रेटून बसायचे. बाबा माझ्या शेजारी होते, थरथरत. त्यांचा हात मी हातात घेतला होता. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं, तसंच राहिलं, आणि मग उतरू लागलं. धर्मा उठून उभा राहिला. "धरलं," एवढंच म्हणाला. बायांनी रडून घेतलं.

विसार आम्ही परत केला. बाबांनी सांगितलं आणि जगनने नेऊन दिला, माझ्याकडे कुणी मत मागितलं नाही. पार्टीलाही आता एवढ्याशा तुकड्यांत रस उरला नव्हता. तिला सगळं हवं होतं आणि सगळं मिळणार नाही हे तिला त्या दुपारी कळलं. बाबा त्या दिवसापासून खोकत राहिले, पण हिंडते-फिरते होते. मी त्यांच्याबरोबर नव्याने रचलेल्या बांधावर जाऊन खेकड्यांची बिळं बुजवू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. हात रिकामे राहिले की जीव खायला उठायचा.

दिवाळी झाली, कापण्या झाल्या. पुढची शेतं गेली होती, पण मागची सगळी वाचली होती, आणि खळ्यांवर भाताच्या राशी पडल्या. एका सकाळी मी अंगण सारवत होते तर पांडूची बायको डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत भात, वर एक झेंडूचं फूल.

"काय गो ह्ये?" मी विचारलं.

"काय म्हंजे? मातीचं भात."

शेणाचे हात तसेच धरून मी उभी राहिले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याच्या आळसामुळे खांड गेली, त्यालाच गावाने वर्षाचं भात आणून द्यायचं? मी म्हटलं, "नको वयनी. आमाला नको. आमी कोनत्या तोंडानं घेवाचं?"

ती गोंधळली. बाबा ओटीवरून ऐकत होते. ते मला आत घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "सूनबाय, घे ते."

"बाबा, आपल्यामुलं खांड गेली. माज्यामुलं गेली."

"म्हनून तं घे. तू आज नको बोललीस, तं उद्या दुसऱ्याच्या शेताची येल आयली, का तो बोलंल, राघोच्या घरानं घेतलं नाय, माला तरी कोन दील? मंग कुदल कोन घालू दील आपल्या शेतान? त्या भातावं बांध उभा हाय, पोरी. चिखलावं नाय."

"माज्या घशाखाली नाय जावाचं."

"नको जाऊंदे," बाबा म्हणाले. "पन सूप भाईर काढ."

मी हात धुतले, सूप घेतलं आणि बाहेर आले. पांडूच्या बायकोने टोपली सुपात ओतली. मग कान्हाकडची आली, मग धर्माची सून. धर्मा स्वतःही आला, टोपली घेऊन नाही, नुसता बाबांशी विडी ओढायला. दिवसभर बाया येत राहिल्या. कुणी हसून देत होत्या, कुणी थट्टा करत होत्या, "सुगंधे, सूप मोठं घेवाचं व्हतंस गो." मी हसत होते. खाई त्याला खवखवे. माझा घसा एक दाणाही न खाता खवखवत होता.

संध्याकाळी, सगळ्या येऊन गेल्यावर, फशीकाकी आली.

तिच्याकडे टोपली नव्हती, कापडी पिशवी होती. ती येताना बघून मी सूप आत नेऊन ठेवलं. तिच्या शेतात त्या वर्षी एक कणीस धरलं नव्हतं. मीठ बसलेली जमीन पावसाने धुऊन गोडी व्हायला वर्षं जातात. ती त्या हंगामात दुसऱ्यांच्या कापणीला मजुरीने गेली होती, मी स्वतः बघितलं होतं. तिने ओटीवर टेकून पिशवीची गाठ सोडली. आत तांदूळ. आमच्याकडचा नव्हे. आमच्या खाऱ्या जमिनीतला दाणा जाड, त्याला किंचित तांबूस झाक. हा पांढराफेक, बारीक, गिरणीत घासलेला. दुकानातला.

"काकी," मी म्हटलं, "ह्यो इकत आनलास?"

"मंग? माज्या शेतान काय पिकलंय?" ती सरळ म्हणाली. "मातीचं भात सगल्या घरांनी देवाचं असतंय. माजं घर नाय का?"

"तुजंच शेत गेलं. तू कशाला..."

"बांध माजा नाय का? उद्या माजं शेत गोडं व्हईल तवा त्याच्याच आडोशाला पिकंल ना? सूप आन."

मी सूप आणलं नाही. मी तिच्या पायांशी बसले. इतक्या महिन्यांत जे कुणाशी बोलले नव्हते ते सगळं बाहेर आलं. म्हटलं, "काकी, तू वैशाखान माज्या दारान आयलेलीस. तू बोललेलीस खेकड्यांचं. मी तुला कंपनीला सांग बोलले. तुला आठवतंय. सगल्यांना ठावं हाय, आन कोनी माला बोलत नाय. तू रांगेन माज्या बाजूला उभी व्हतीस, त्या एजंटाचं ऐकलंस, तरी एक शबूद नाय. तू एकदा माला शिव्या दे. चारचौघांत दे. झिंज्या धरून मार पायजे तं. पन काईतरी बोल गो."

तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते, रागाचेही नव्हते. बाजाराला जाताना वाटेत कुणी भेटावं आणि आपण त्याला नीट बघावं, तसं ती मला बघत होती.

"शिव्या दिल्या तं तू सुटशील," ती म्हणाली. "आन सुटलीस का येत्या वैशाखाला जाशील परत कोनाच्यातरी हलदीला. उठ. सूप आन."

मी उठले. आतून सूप आणलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिने पिशवी उलटी केली. तांदूळ सुपात पडला, थोडासाच होता. तिने पिशवीचे कोपरे झटकले, आत बोट घालून अडकलेले दाणे काढले आणि तेही सुपात टाकले. मग पिशवीची घडी करून कमरेला खोचली.

"येताव गो," म्हणाली आणि अंगण उतरून गेली.

बाबांनी आतून विचारलं, "कोन आयलं?"

मी सूप आत नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं.